वाचकांचे प्रश्न : बेसबॉल कॅप घरी स्वच्छ करताना

प्रश्न : माझ्याकडे गडद निळ्या रंगाची, समोर भरतकाम असलेली बेसबॉल कॅप आहे. तिच्या आतल्या पट्टीवर पिवळट डाग पडले आहेत आणि बाहेरून घामाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या आहेत. याआधीची एक कॅप वॉशिंग मशीनमध्ये टाकली, तेव्हा तिचा समोरचा भाग कायमचा चुरगळला. आकार आणि रंग न बिघडवता ही कॅप घरी स्वच्छ करता येईल का?

उत्तर : येईल, आणि बहुतेक वेळा त्यासाठी संपूर्ण कॅप पाण्यात बुडवण्याचीही गरज पडत नाही. आपली आधीची कॅप मशीनमध्ये का बिघडली, हे लक्षात घेतले तर पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. कॅप वरून नुसते शिवलेले कापड वाटते. पण ताठ उभ्या राहणाऱ्या कॅपच्या कपाळावरच्या भागामागे बकरम, म्हणजे खळीसारखे द्रव्य चढवून कडक केलेले विरळ विणीचे कापड, लावलेले असते. गरम पाण्यात हे बकरम मऊ पडते आणि मशीनच्या घुसळण्यात त्याला जी घडी पडते, ती वाळल्यावर तशीच कडक होऊन बसते.

दुसरा नाजूक भाग म्हणजे व्हायझर, अर्थात डोळ्यांवर सावली धरणारा पुढचा कडक भाग. आजच्या बहुतेक कॅपमध्ये त्याच्या आत प्लॅस्टिकचा पातळ पत्रा असतो, परंतु जुन्या कॅपमध्ये पुठ्ठा असण्याची शक्यता असते, आणि भिजलेला पुठ्ठा फुगून त्याचे थर सुटू लागले की तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. व्हायझर हलकेच वाकवून सोडावा. प्लॅस्टिक लगेच मूळ वळणावर येते, पुठ्ठा मात्र आळसावल्यासारखा हळूहळू परततो किंवा त्यावर घडीची खूण राहते. टिचकी मारल्यावर पुठ्ठ्याचा आवाजही पोकळ येतो. खात्री होत नसेल, तर आत पुठ्ठाच आहे असे धरून तो भाग केवळ ओलसर फडक्याने पुसावा.

आता डागांविषयी. आपण सांगितलेले दोन्ही डाग वेगवेगळ्या स्वरूपाचे आहेत. पांढऱ्या रेघा घामातल्या क्षारांच्या असतात आणि त्या साध्या पाण्यातही विरघळतात. पिवळट डाग मात्र मुख्यतः त्वचेतून येणाऱ्या तेलाचे, त्यात मिसळलेल्या घामाचे आणि चेहऱ्याला लावलेल्या क्रीमचे असतात; ते पाण्याने हलत नाहीत, त्यांना साबणच लागतो. त्यासाठी हाताने भांडी घासण्याचा सौम्य द्रव साबण मला कपड्यांच्या पावडरीपेक्षा अधिक योग्य वाटतो, कारण तो तेलकटपणा सोडवण्यासाठीच बनवलेला असतो आणि कापडात पावडरीचे कण अडकून राहण्याचा प्रश्न येत नाही. डिशवॉशर यंत्राचा साबण मात्र तीव्र अल्कधर्मी असतो व त्यात अनेकदा रंग उडवणारी द्रव्ये असतात, म्हणून तो येथे वापरू नये.

गडद रंगाच्या कॅपचा रंग सुटतो का, हे आधी तपासणे आवश्यक आहे. साबणाच्या पाण्यात भिजवलेले पांढरे फडके कॅपच्या आतल्या, न दिसणाऱ्या जागी थोडा वेळ दाबून धरावे आणि त्यावर निळसर छटा उतरली, तर स्वच्छता आतल्या पट्टीपुरतीच ठेवावी. रंग पक्का असल्यास प्रथम कोरड्या मऊ ब्रशने सर्व धूळ झाडावी, कारण धुळीवर पाणी पडले की तिचा चिखल होऊन तो विणीत शिरतो. त्यानंतर वाटीभर गार किंवा किंचित कोमट पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब घालून मऊ टूथब्रशने पट्टीवर फेस चोळावा आणि पंधरा-वीस मिनिटे तसाच राहू द्यावा. हट्टी डागावर जोर लावण्याऐवजी हीच कृती पुन्हा करावी. मग स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने, फेस येणे पूर्ण थांबेपर्यंत पट्टी टिपत राहावे. मागे राहिलेला साबण नवी धूळ धरून ठेवतो आणि कपाळावर खाजही आणू शकतो.

पांढऱ्या रेघा काढताना बहुतेकांची एक गफलत होते. केवळ रेघ भिजवली, तर विरघळलेले क्षार पाण्याबरोबर पसरतात आणि ओल जेथे संपते तेथे नवी रेघ उमटते. म्हणून शिवणीपासून शिवणीपर्यंतचा तो संपूर्ण भाग एकसारखा ओला करावा आणि स्वच्छ फडक्याने वारंवार टिपून पाणी, व त्यासोबत क्षार, उचलून घ्यावेत. भरतकामावर ब्रश चालवू नये. त्याचा धागा रेयॉनचा असेल तर तो ओला असताना बराच कमकुवत होतो व त्याचे तंतू उसवतात. तेथे स्पंजाने हलके दाबणे पुरेसे आहे.

कॅपचा आकार मात्र धुण्यापेक्षा वाळवताना अधिक बिघडतो, आणि नेमके या टप्प्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. कॅप पिळू नये. कोरड्या टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपावे. नंतर डोक्याच्या आकाराचे एखादे गोल भांडे पालथे ठेवून, त्यावर टॉवेल गुंडाळून कॅप बसवावी, समोरचा भाग बोटांनी सारखा करावा आणि व्हायझरचे वळण हाताने नीट बसवून घ्यावे, कारण बकरम याच स्थितीत पुन्हा कडक होणार असते. आतली पट्टी बाहेर उलटून ठेवली, तर तिच्यामागची ओल लवकर जाते. कुबट वास बहुधा तेथेच धरतो. जागा सावलीची आणि वाऱ्याची असावी, कारण उन्हात गडद रंग विटतो. गरम हवेचे ड्रायर टाळावेत. पट्टी पूर्ण वाळण्याआधी कॅप घालू नये.

प्रश्न : माझी कॅप जुनी व लोकरीची आहे. तिच्यासाठीही हीच पद्धत चालेल का?

उत्तर : पद्धत हीच, पण अधिक जपून. आपली कॅप मेजर लीग बेसबॉलच्या खेळाडूंच्या नमुन्याची असेल, तर ती लोकरीची असणे स्वाभाविकच आहे; मैदानावरच्या त्या अधिकृत कॅप २००७ साली लोकरीऐवजी पॉलिएस्टरच्या झाल्या. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. ऊब, ओल आणि घासणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात, कापड घट्ट होते आणि कॅप आटते; नेमक्या मापाची, मागे पट्टा नसलेली कॅप मग डोक्यात बसतच नाही. म्हणून पाणी गारच घ्यावे, धुण्याचे आणि टिपण्याचे पाणी सारख्याच तापमानाचे ठेवावे आणि चोळण्याऐवजी दाबून काम करावे. एन्झाइमयुक्त डिटर्जंट टाळावे, कारण त्यातील प्रथिने विघटित करणारी एन्झाइम डागाबरोबर लोकरीवरही काम करतात. लोकर हेसुद्धा प्रथिनच आहे. लोकरीसाठीचा खास द्रव साबण उत्तम.

प्रश्न : पांढऱ्या सुती कॅपवरचे पिवळे डाग ब्लीचने काढावेत का?

उत्तर : क्लोरीनयुक्त ब्लीचने काढू नयेत. ते धागे कमकुवत करते, पट्टीतील इलॅस्टिक खराब करते आणि घामाच्या अंशांशी क्रिया होऊन डाग अधिक पिवळेही होऊ शकतात. ते व्हिनेगरमध्ये तर कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. व्हायझर प्लॅस्टिकचा असेल आणि भरतकामाचा रंग पक्का असेल, तर सोडियम परकार्बोनेट असलेली ऑक्सिजन ब्लीच पावडर वेष्टनावरील प्रमाणाने कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात केवळ आतली पट्टी अर्धा तास भिजवावी आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावी. हा उपाय सुती व पॉलिएस्टर कॅपसाठीच आहे. लोकरीवर तो करू नये.