वाचकांचे प्रश्न : ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर

प्रश्न : ‘स्मूद जॅझ’ या जॅझ संगीताच्या मऊ, सुरेल प्रकाराचे प्रवर्तक म्हणून सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर यांचे नाव घेतले जाते. त्यांची कारकीर्द कशी घडली?

उत्तर : न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे १९४३ साली जन्मलेल्या ग्रोव्हर यांना सॅक्सोफोन वडिलांकडून मिळाला, पुढे सैन्यातील नोकरीनंतर ते फिलाडेल्फियात स्थायिक झाले. १९७१ मध्ये निर्माते क्रीड टेलर यांच्या ध्वनिमुद्रणाला मुख्य वादक हँक क्रॉफर्ड येऊ शकले नाहीत, तेव्हा साथीदार असलेल्या ग्रोव्हर यांना ऐनवेळी पुढे करण्यात आले आणि त्यातूनच त्यांची पहिली स्वतंत्र तबकडी, ‘इनर सिटी ब्लूज’, तयार झाली. १९७५ च्या ‘मिस्टर मॅजिक’ने त्यांना मोठा श्रोतृवर्ग दिला. १९८० च्या ‘वाइनलाइट’मधील, बिल विदर्स यांनी गायलेले ‘जस्ट द टू ऑफ अस’ हे गीत अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्यांच्या वादनाला केवळ गुळगुळीत म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण त्या मऊ स्वरामागे ब्लूजची, म्हणजे आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या भावपूर्ण संगीतपरंपरेची, खोल जाण आहे. १७ डिसेंबर १९९९ रोजी, एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या चित्रीकरणानंतर, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.