मोटरहोममधल्या तीन रात्री आणि पंधरा दिवसांचा अबोला

वाचक भगिनीचे पत्र (संक्षेपाने): आम्ही दोघे इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. लग्नाला अकरा वर्षे झाली. मेअखेरच्या बँक हॉलिडेला (सार्वजनिक सुट्टीला) नवऱ्याने मोठ्या हौसेने मोटरहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली आणि आम्ही तीन रात्री लेक डिस्ट्रिक्ट या तळ्या-डोंगरांच्या भागात काढल्या. स्वयंपाक, भांडी, अंथरूण-पांघरूण सगळे मीच केले. शौचालयाची टाकीही शेवटी मीच रिकामी केली. रविवारी अँबलसाइडच्या पुढे एका अरुंद रस्त्यावर गाडी अडकली. मी पावसात उतरून मागे उभी राहिले, पण माझी खूण त्याला दिसली नाही आणि तो सगळ्यांदेखत माझ्यावर ओरडला. परतल्यावर पंधरा दिवस मी कामापुरतेच बोलले. त्याच्या मते मात्र सहल उत्तम झाली! आता ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या मोटरहोम प्रदर्शनात जाऊन ५०,००० पौंडांपर्यंतची गाडी घ्यायची म्हणतो. मी पैशांची अडचण सांगून पाहिली, तर त्याने कर्जाच्या हप्त्यांचा तक्ताच पुढे ठेवला. नाही कसे म्हणू?

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तुम्ही पैशांचे कारण पुढे केलेत, म्हणून तुमच्या पतींनी पैशांचेच उत्तर शोधून आणले, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांनी बायकोची अडचण मनापासून सोडवली. खरी अडचण, म्हणजे त्या तीन दिवसांत तुम्हाला सुट्टी मिळालीच नाही आणि वर चारचौघांत अपमान झाला, ही त्यांच्या कानावर अजून गेलेलीच नाही. अबोल्यातून ती आपोआप कळेल असे तुम्हाला वाटले असावे. ज्या गृहस्थांना ती सहल उत्तम झाली असे वाटते, त्यांना ती तशी कळणार नाही. तेव्हा नाही कसे म्हणावे यापेक्षा कशाला नाही म्हणायचे आहे, हे आधी ठरवू या.

ओरडण्याचा विषय मी पहिला घेते, कारण तुम्ही तो पत्रात मध्येच ओझरता उरकला आहे. अँबलसाइडहून रायनोज आणि हार्डनॉट या घाटांकडे जाणारे रस्ते दोन्ही बाजूंच्या दगडी कुंपणांत कोंडलेले आहेत आणि हार्डनॉटचा चढ काही ठिकाणी तीनास एक इतका उभा आहे. आरशांसह अडीच मीटरहून रुंद असणाऱ्या गाडीने तिकडे फिरकूच नये. साध्या मोटारीसाठी असलेला दिशादर्शक (सॅटनॅव्ह) गाडीची उंची-रुंदी लक्षात घेत नाही, त्यामुळे तो जवळचा रस्ता म्हणून असा रस्ता सुचवू शकतो. म्हणजे चूक रस्ता निवडण्यात, घरातून निघण्यापूर्वीच झाली होती, आणि तिचा राग मात्र पावसात भिजत उभ्या असलेल्या माणसावर निघाला. घाबरलेला माणूस ओरडतो, हे मी समजू शकते. पण भीती ओसरल्यावर त्याने त्याबद्दल दोन शब्द बोलायला हवे होते. ते शब्द तुम्ही मागून घ्या. ‘त्या दिवशी तू सगळ्यांसमोर ओरडलास, ते मला अजून लागून राहिले आहे’ एवढे एक वाक्य, कर्जाचा तक्ता समोर नसताना, शांतपणे म्हणा आणि पुढे स्पष्टीकरण देत बसू नका.

आता कामाविषयी. घरी चार खोल्यांत जी कामे कोणाच्या नजरेत येत नाहीत, ती सात मीटरच्या गाडीत नजरेआड होऊच शकत नाहीत, आणि तरीही ती तुमच्या पतींना दिसली नाहीत, याचा अर्थ ही वाटणी त्या गाडीच्या कितीतरी आधीची आहे. मोटरहोम चालवायला दोन माणसांचे काम लागते, आणि त्यातले निम्मे काम चाक हातात धरण्याचे नसते. साधारण १०० लिटरच्या पाण्याच्या टाकीत दोघांच्या अंघोळी आणि भांडी भागवायची, वापरलेले पाणी ठरल्या जागीच सोडायचे, दोन-तीन शेगड्यांवर स्वयंपाक करायचा. फोडणीने धुराचा गजर वाजला आणि गाद्यांना हिंगाचा वास लागला, असे तुम्ही पत्रात अन्यत्र लिहिले आहे, ते वाचून मला हसू आले खरे; पण फोडणी तुम्हीच का घालत होता, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शौचालयाची टाकी वीसेक लिटरची असते आणि दोन माणसांत दोन-तीन दिवसांत भरते. माझे मत स्पष्ट आहे: ज्याला मोटरहोमची हौस आहे, त्याने ती टाकी रिकामी करावी, न सांगता आणि न नाक मुरडता. हौसेची खरी परीक्षा तिथे होते.

तुम्हाला गाडी चालवता येते आणि तुमच्याकडे इथला परवाना आहे, पण त्या सहलीत तुम्ही चाकाला हात लावला नाहीत, हे मला खटकले. मोटारीच्या साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मोटरहोम चालवता येते. त्याहून जड डिझेल गाडीसाठी वेगळा प्रवर्ग लागतो, जो १ जानेवारी १९९७ पूर्वी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना बहुधा आपसूक मिळालेला आहे, तुम्हा दोघांना नाही. या ३,५०० किलोंत माणसे, पाणी, सामान, सायकली असे सगळे येते आणि भरलेली पाण्याची टाकीच १०० किलो खाते, हे खरेदीच्या उत्साहात विसरले जाते. पुढच्या वेळी दुसरी चालक म्हणून विम्यात तुमचे नाव घाला आणि निम्मा रस्ता तुम्ही चालवा. चालवणाऱ्याच्या आसनावर तुम्ही आणि मागे पावसात ते, असा प्रसंग एकदा आला तर बरेच काही न बोलता समजेल.

हो, पुढच्या वेळी असे मी म्हणते आहे. खरेदीला माझा आज विरोध आहे, सहलीला नाही, आणि तुम्ही कायमचा नकार द्यावा असेही मला वाटत नाही; केझिकच्या तळ्याकाठच्या सकाळीबद्दल तुम्ही ज्या आनंदाने लिहिले आहे, तो आनंद खोटा नव्हता. सप्टेंबरच्या मध्यावर, सलग सुट्टी नसताना, गुरुवार ते रविवार पुन्हा भाड्यानेच गाडी घ्या. ऑगस्टअखेरचा बँक हॉलिडे मात्र टाळा, कारण त्या तीन दिवसांत त्या रस्त्यांवर साधी मोटार चालवणेही जिकिरीचे होते. तिन्ही रात्री मोटरहोम लावण्याच्या एकाच तळावर (कॅम्पसाइटवर) राहा. वीज जोडून, पायऱ्या लावून बसलेली मोटरहोम दूध आणायला हलवायची म्हणजे सगळा संसार पुन्हा बांधावा लागतो, म्हणून बसथांब्याजवळचा तळ निवडा. केझिकहून ग्रासमिअर, अँबलसाइड, विंडरमिअरमार्गे केंडलकडे जाणारी ५५५ क्रमांकाची बस त्यासाठी उत्तम आहे. मनात येईल तिथे रात्री गाडी उभी करू, हे तुमच्या पतींचे स्वप्न इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कायद्याने बसत नाही, आणि स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने दिलेला मुक्त वावराचा हक्कही मोटारगाड्यांना लागू नाही.

कामे निघण्यापूर्वी ठरवा, आणि या खेपेला ती पूर्ण उलटी करा: स्वयंपाक, भांडी आणि टाकी त्यांच्याकडे, रस्ता आणि विजेची जोडणी तुमच्याकडे. खिचडी बिघडली तरी तुम्ही उठून डाव हातात घ्यायचा नाही. हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा जड जाईल, असा माझा अंदाज आहे. एक संध्याकाळ पबमध्ये जेवा. शिवाय एका दुपारी दोघांनी वेगवेगळे फिरावे, त्यांनी डोंगरावर आणि तुम्ही तळ्याकाठी. एवढ्याशा जागेत दिवसरात्र एकमेकांसमोर राहिल्यावर तीन तासांचा दुरावा भांडणाचे लक्षण नसते.

ती सहल दोघांनाही सुखाची झाली, तरच पैशांचा तक्ता पुन्हा उघडा, आणि त्यात आज नसलेले रकाने भरा: विमा, रस्ताकर, गाडीची वार्षिक तपासणी, गॅस आणि ओल यांची राहण्याच्या भागाची वेगळी तपासणी, आणि मुख्य म्हणजे गाडी ठेवायची जागा, कारण नव्या वसाहतींतील अनेक घरांच्या करारपत्रांत दारासमोर मोटरहोम उभी करण्यास मनाई असते. तुमच्या घराची कागदपत्रे या आठवड्यातच काढून पाहा. सगळा खर्च मांडून, वर्षातून किती रात्री तुम्ही खरोखर गाडीत राहाल त्या संख्येने भागा. तेवढ्यात भाड्याची गाडी किती वेळा मिळेल, ते त्यांच्याच हाताने लिहू द्या.

बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनाला जरूर जा, पण दोघे जा. आवडलेल्या प्रत्येक गाडीत शिरून दार लावून घ्या, दोघे एकाच वेळी आत वावरून पाहा, पलंग उघडून आडवे व्हा, टाकीचे झाकण कोणत्या बाजूला आहे ते त्यांना शोधायला लावा. प्रदर्शनापुरती सवलत आहे असे विक्रेता सांगेल. त्या दिवशी विसार द्यायचा नाही, हे लीड्सहून निघण्यापूर्वीच दोघांत ठरलेले असू द्या.