प्रश्न तुमचे : फुलझाडे आणि भाज्या एकाच वाफ्यात

प्रश्न : टोमॅटोच्या मुळांवर गाठी येऊ नयेत म्हणून वाफ्याच्या चारही कोपऱ्यांत झेंडू लावला. शेवटी रोपे उपटली, तर मुळे गाठींनी भरलेली. झेंडूचा उपयोग होत नाही का?

उत्तर : होतो, पण कोपऱ्यातल्या चार रोपांनी नाही. या गाठी सूत्रकृमींमुळे, म्हणजे मातीतल्या अतिशय बारीक कृमींमुळे येतात. झेंडूच्या मुळांतले विषारी द्रव्य त्या मुळांत शिरलेल्या सूत्रकृमींना मारते. हातभर लांबच्या टोमॅटोला त्याचा आधार नाही. म्हणून झेंडू टोमॅटोसोबत नव्हे, आधी घ्यायचा. बुटका फ्रेंच झेंडू अख्ख्या वाफ्यात 15 ते 20 सेंमीवर दाट लावा, निदान दोन महिने वाढू द्या. मग चिरून तिथेच मातीत मिसळा आणि 2-3 आठवड्यांनी टोमॅटो लावा. मधल्या काळात तण नको. बऱ्याच तणांच्या मुळांवर सूत्रकृमी खुशाल पोसतात आणि मेहनत वाया जाते. नंतर शोभेसाठी कडेला झेंडू हवा तर ठेवा, फक्त कोरड्या उन्हात पाने उलटून पाहत चला. वर फिकट ठिपके, खाली बारीक जाळे दिसले तर लाल कोळी ही बारीक कीड आहे, आणि तो टोमॅटोवरही जातो.

प्रश्न : दुधीच्या वेलाशेजारी कॉसमॉस आणि सूर्यफूल लावले. मधमाश्या भरपूर, तरी कोवळे दुधी पिवळे पडून गळतात.

उत्तर : मधमाश्या दिवसाच्या, दुधीचे फूल संध्याकाळी उमलणारे. काकडी-कारल्याला तुमची फुले कामी येतील, दुधीला हाताने परागीभवन करा. दिवेलागणीला नर फूल तोडा (लांब देठ, खाली फुगवटा नाही), पाकळ्या मागे मोडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी अलगद फिरवा. मादी फुलाच्या खाली इवलासा दुधी असतोच. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरते.

प्रश्न : गुलाबावर आंतरप्रवाही कीटकनाशक मारतो. त्याच कुंडीतला पुदिना धुऊन खाल्ला तर चालेल?

उत्तर : नाही. हे औषध पानांतून आणि मुळांवाटे झाडात भिनते, धुतल्याने जात नाही. या कुंडीतला पुदिना टाकून द्या, नवा वेगळ्या कुंडीत, ताज्या मातीत लावा. गुलाबावर मावा असेल तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.