रात्री उरलेले वरण, भाजी आणि भात सकाळच्या डब्यात पौष्टिक स्वरूपात कसे देता येतील?

माझ्या अनुभवात उरलेल्या घट्ट वरणाइतका डब्याच्या उपयोगाचा पदार्थ दुसरा नाही. त्यात अजिबात पाणी न घालता मावेल तेवढी कणीक, दोन चमचे बेसन, बारीक चिरलेली मेथी, ओवा आणि तिखट घालून पीठ मळावे; वरणामुळे हे पराठे दुपारपर्यंत मऊ राहतात, शिवाय गव्हात कमी असलेले लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक आवश्यक घटक, डाळीतून मिळते. मीठ बेतानेच घालावे, कारण वरणात ते आधीच असते, आणि पीठ ठेवल्यास सैल पडते म्हणून लगेच लाटावे.

कोबीची किंवा दुधीची सुकी भाजी उरली असेल, तर ती हाताने कुस्करून भाजणीत मिसळावी आणि थालीपिठे लावावीत. शिळ्या पोळ्यांच्या कुस्कऱ्यात वाफवलेली मटकी घातली, की चार वाजताच्या भुकेची चांगली सोय होते.

भाताबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन, की तो रात्रभर ओट्यावर ठेवू नये. शिजवूनही टिकून राहणाऱ्या काही बीजाणूंपासून, म्हणजे जिवाणूंच्या सुप्त रूपांपासून, त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा फोडणी दिल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून भात पसरट ताटात निववून 2 तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, सकाळी वाफ येईपर्यंत गरम करावा आणि दुपारपर्यंत गरम ठेवणाऱ्या डब्यातच द्यावा. तसा डबा नसेल, तर त्या दिवशी पराठेच द्यावेत.