म्युनिकला जातोयस, तर पहिल्या डोंगराआधी हे वाच

फैजपूरच्या एका मुलाने मला विचारलंय: "दादा, ऑक्टोबरपासून म्युनिकला मास्टर्सला जातोय. तिथले सीनियर सांगतात, दर रविवारी सगळे डोंगरावर जातात. मी कधीच ट्रेक केलेला नाही. सोबत काय न्यायचं, खर्च किती येतो, शाकाहारी माणसाने वरती खायचं काय? आणि नाही गेलो तर चालेल का?"

मी सध्या कानबाईच्या उत्सवासाठी घरी, यावलला आलोय. गच्चीवर बसून लिहितोय आणि समोर सातपुडा आहे. भो, आपण जन्मभर या डोंगराच्या पायथ्याशी राहतो, पण वर जायचं ते मनुदेवीच्या दर्शनाला, फार तर सहलीला पालपर्यंत. मीही तसाच होतो. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. जा. पहिल्या दोन महिन्यांत एकदा तरी जा. लेक्चरला शेजारी बसणारी माणसं सहा महिने फक्त "हॅलो" म्हणतात. सात तास एका वाटेवर चालताना तीच माणसं घरचं बोलायला लागतात. माझे तिथले जवळचे चार मित्र एका दिवसात झाले, आणि तो दिवस मी जवळजवळ बिघडवला होता. तो सविस्तर सांगतो, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

नोव्हेंबरचा पहिला रविवार. आम्ही पाच जण होतो: मी, केरळचा एक मुलगा, स्पेनची एक मुलगी, तुर्कस्तानची एक आणि म्युनिकजवळच्याच गावातला एक जर्मन मुलगा. डोंगराचं नाव योखबर्ग, उंची 1565 मीटर. म्युनिकहून रेल्वेने कोखेलला जायचं, साधारण तासाभराचा प्रवास, आणि तिथून बसने केसेलबर्गच्या घाटमाथ्यावर. घाटमाथाच 858 मीटरवर असल्यामुळे पायी चढायचे ते 700 मीटर. नवख्याला हा डोंगर चांगला. वाट ठळक आहे, दोरी-बिरी काही लागत नाही.

सकाळची गाडी माझ्यामुळे चुकली. "रविवार आहे, अर्ध्या तासाने काय बिघडतं" असं मला वाटलं होतं. चौघं स्टेशनवर माझ्यासाठी थांबले, गाडी गेली, मग तिच्या पुढची बस गेली, आणि चढायला लागलो तेव्हा साडेबारा वाजले होते. आपल्याकडे याने फारसं काही बिघडत नाही. तिथे बिघडतं, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात आणि त्यानंतर पाचच्या आत सूर्य मावळतो. झाडीत अंधार त्याच्याही आधी पडतो. आपल्या अंगाला दिवाळीतही सहापर्यंत उजेडाची सवय असते. हे गणित मला कोणी सांगितलं नव्हतं.

माझ्या अंगावर जीन्स होती आणि पायात कॉलेजचे स्पोर्ट्स शूज. वाट बीच नावाच्या झाडांच्या ओल्या पानांनी झाकलेली, खाली मुळं, आणि मुळांवर पाय पडला की साबणावर पडल्यासारखा. तासाभरात जीन्स गुडघ्यापर्यंत भिजून जड झाली. डोंगराच्या खांद्यावरची झाडी संपली आणि वारा लागला तेव्हा मांड्या बधिर व्हायला लागल्या. जर्मन मुलाने विचारलं, "जमतंय ना?" मी म्हणालो, "हो." पुढे आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी "हो" म्हणालो. खानदेशातला पोरगा, 45 डिग्रीत शेतात राबलेला, थंडीने थकलो असं कसं सांगायचं? पण तेच सांगायला हवं होतं. तिथल्या मंडळींना "हो" म्हणजे खरंच हो वाटतं. आपल्यासारखं तोंडाकडे बघून ओळखायची त्यांना सवय नसते.

तीनच्या सुमारास माथ्यावर पोचलो. एका बाजूला वाल्खनझे, दुसऱ्या बाजूला कोखेलझे, दोन तळी दोन वेगळ्या पातळ्यांवर. मधला फरक 200 मीटरचा. त्याच उताराचा उपयोग करून 1924 साली तिथे जलविद्युत केंद्र सुरू झालं. मी इलेक्ट्रिकलचा, पाच मिनिटं थंडीबिंडी विसरलो. मग डबा उघडला. रात्री केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा. स्पेनच्या मुलीने दशमीला ठेचा भाजीसारखा लावला, मी "अगं" म्हणेपर्यंत घास तोंडात गेला होता. डोळ्यांतून पाणी आलं, पाण्याची अर्धी बाटली संपवली आणि तिने दुसरी दशमी मागितली. मला त्या देशात आल्यापासून पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं.

उतरताना व्हायचं ते झालं. साडेचारला झाडीत काळोख. बॅटरी एकाकडेच, तीही कपाळावर लावायची. माझा फोन थंडीने बंद पडलेला. गुडघे थरथरत होते, मी घाई केली आणि डावा पाय मुळावरून घसरून घोट्यात मुरगळला. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "मला जमत नाहीये." जर्मन मुलाने माझी पिशवी घेतली, केरळचा पुढे बसला आणि म्हणाला, "खांद्यावर हात ठेव." दीड तासाच्या उताराला तीन तास लागले. बस गेली होती. एकाच्या भावाने म्युनिकहून गाडी आणली. मला कोणी एक शब्द बोललं नाही. दोन दिवसांनी जर्मन मुलगा स्वतःची जुनी ट्रेकिंगची पँट घेऊन खोलीवर आला आणि एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी पहिल्या 'हो'च्या आधी सांग."

आता सामानाचं. सुती कपडा चढाला घालायचा नाही, जीन्स तर नाहीच. भिजलेलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं आणि दिवसभर वाळत नाही. सिंथेटिक पँट, सिंथेटिक टीशर्ट, वर एक लोकरी किंवा फ्लीसचा, त्यावर पाऊस-वारा अडवणारं जॅकेट. बूट घोट्यापर्यंत, जाड खाचांच्या तळाचे, एक नंबर मोठे, कारण उतरताना बोटं पुढे आपटतात. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 युरो हातात येतात, त्यात खोलीचं भाडं बघता नवीन सगळं घ्यायची गरज नाही. जॅकेट तिथे जुनं मिळतं. डॉइचर आल्पेनफेराइन ही 1869 सालची गिर्यारोहकांची संघटना आहे, तिच्या शाखा सभासदांना सामान भाड्याने देतात, आणि सभासदत्वात डोंगरातल्या सुटकेचा विमाही येतो. तो घे. विद्यार्थ्याच्या आरोग्य विम्यात जखमेचा उपचार बसतो, पण नुसता वाट चुकलास आणि शोधायला पथक आलं तर ते बिल तुझ्या नावावर येऊ शकतं. कपाळावरची बॅटरी प्रत्येकाकडे स्वतःची हवी, मित्राकडे आहे म्हणून चालत नाही. फोन आतल्या खिशात, अंगाला चिकटून ठेव. अडचणीत लावायचा नंबर 112. रेंज नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा उजेड, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. हा आल्प्समधला ठरलेला संकेत आहे, उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं.

प्रवासाला डॉइचलांडटिकेट हा महिन्याचा पास घे. 2026 पासून ते महिन्याला 63 युरोला आहे आणि साध्या रेल्वे-बस सगळीकडे चालतं, वेगवान आयसीई गाड्यांना नाही. जाण्याआधी परतीची शेवटची बस बघ आणि तिच्यापासून उलट मोजत सुरुवातीची वेळ ठरव. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास असतात. साधारण तासाला 300 मीटर चढ, 500 मीटर उतार असा त्यांचा हिशोब. पहिल्या वेळी त्यात अर्धा वेळ आणखी धर. पाटीवर निळा ठिपका म्हणजे सोपी वाट, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. पहिलं वर्ष काळ्याकडे जायचं नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर वीज-वादळ येतं, तेव्हा दुपारच्या आत माथा सोडायचा. बर्फ पडला की मे उजाडेपर्यंत जाणत्या माणसाशिवाय वर जाऊ नकोस.

खाण्याचं नीट ऐक, कारण वरच्या झोपडी-हॉटेलांत नकाशासारखंच मेन्यूही वाचता यायला हवा. केझश्पेट्झ्ले म्हणजे चीजमधल्या शेवया आणि काइझरश्मार्न म्हणजे गोड फुटलेलं धिरडं, दोन्ही शाकाहारी म्हणूनच मिळतात, पण दोन्हीत अंडं असतं. गोळे घातलेलं पातळ सूप साधं दिसतं, पण त्याचा रस्सा बहुधा गोमांसाचा असतो. विचारूनच घे. ऑक्टोबर सरला की बरीच ठिकाणं बंद होतात, म्हणून डबा नेच. इथून कळण्याचं पीठ, चटण्या, मसाला ने, पण तूप, पेढे किंवा दुधाचं काही बॅगेत घालू नकोस, युरोपियन युनियनमध्ये ते आणायला मनाई आहे. केळी तिथे इक्वाडोर-कोलंबियाची मिळतात. आपल्या केळ्यांची चव नाही, पण चढाला कामाची.

आणि उतरायचं कसं, ते मी तिथे नाही, इथेच शिकलो, फक्त उशिरा लक्षात आलं. केळीची कापणी बघ. खांद्यावर घड घेतलेला माणूस ओल्या वाफ्यातून कसा चालतो? पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला, टाच न आपटता अख्खा तळवा टेकवायचा, मगच दुसरा पाय उचलायचा. घड आपटला तर मालावर काळा डाग पडतो, म्हणून तो कधी घाई करत नाही. आता मी प्रत्येक उतार तसाच उतरतो, आणि घोट्याने पुन्हा त्रास दिला नाही.

बूट इथेच घे आणि निघायच्या आधी पंधरा दिवस रोज घाल. नवे बूट पहिल्यांदा डोंगरावर घातले तर टाचेची साल निघते. मी पुढच्या रविवारपर्यंत यावललाच आहे. शनिवारी पहाटे साडेपाचला बूट घालून, पाच किलोची पिशवी घेऊन ये, मनुदेवीला जाऊ. सध्या धबधबा चालू आहे, दगड ओले आहेत. दशम्या आई करणार आहे, तू ठेचा आण.