बॅकअपची डिस्क मध्येच दिसेनाशी होते तेव्हा

प्रश्न : लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवरूनच वीज घेणारी दोन टेराबाइटची पोर्टेबल हार्ड डिस्क मी काही वर्षांपासून बॅकअपसाठी वापरतो. घरातली छायाचित्रे आणि पणजोबांच्या काळातल्या मोडी कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती तिच्यावर आहेत. अलीकडे मोठी कॉपी सुरू केली की डिस्क मध्येच दिसेनाशी होते आणि केबल काढून पुन्हा लावली की परत दिसू लागते. एकदा ‘डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश आला, तो मी रद्द केला. लॅपटॉपवर जागा उरली नसल्याने जुने काही फोल्डर मी तिथून काढून टाकले आहेत. दुरुस्ती करणारे ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात की, फॉरमॅट केल्यावर डिस्क नव्यासारखी चालेल. तसे करावे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : फॉरमॅट मुळीच करू नये, आणि तो संदेश आपण रद्द केलात हे फार चांगले झाले. त्या क्षणी विंडोजला डिस्कवरची फाइल व्यवस्था ओळखता आली नाही, एवढाच त्या संदेशाचा अर्थ असतो. फाइल्स गेल्या असा त्याचा अर्थ होत नाही. पूर्ण फॉरमॅट केला तर मात्र त्या खरोखरच जातात, कारण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट करताना सगळ्या डिस्कवर शून्ये लिहिली जातात. उलट क्विक फॉरमॅटमध्ये डिस्कचा पृष्ठभाग तपासलाच जात नाही, त्यामुळे दोष जिथल्या तिथे राहतो आणि डिस्क ‘नव्यासारखी’ झाल्याचा केवळ भास होतो.

आपल्या पत्रातले लॅपटॉपवरून फोल्डर काढून टाकल्याचे वाक्य मला सर्वांत काळजीचे वाटले. ज्या फाइल्स आता फक्त या डिस्कवर उरल्या आहेत त्यांचा बॅकअप आपल्याकडे नाहीच. ती त्यांची एकुलती एक प्रत आहे, आणि तीही बेभरवशाच्या डिस्कवर. म्हणून दोष शोधण्याच्या आधी या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. मोडी कागदांच्या प्रती सर्वांत आधी घ्याव्यात, कारण मूळ कागद जीर्ण झाले असतील तर ते पुन्हा स्कॅन करता येतीलच असे नाही. त्यानंतर छायाचित्रे घ्यावीत, आणि पुन्हा कुठूनही मिळू शकतील असे चित्रपट किंवा सॉफ्टवेअर शेवटी घ्यावे. सगळी डिस्क एकदम कॉपीला लावण्याऐवजी एकेक फोल्डर घ्यावा, आणि एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे जावे. खराब झालेली जागा पुन्हा पुन्हा वाचायला लावणे दुबळ्या झालेल्या डिस्कला सर्वांत महागात पडते. अडलेल्या फाइल्स पुष्कळ असतील तर लिनक्सवर चालणारा डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम जाणकाराच्या मदतीने वापरावा. तो आधी सहज वाचता येणारा सर्व भाग उतरवून घेतो आणि अवघड जागांकडे नंतर वळतो.

आता दोषाकडे येऊ. केबल पुन्हा लावल्यावर डिस्क दिसते, यावरून पहिला संशय केबल, पोर्ट आणि वीजपुरवठा यांच्यावर जातो. अशा बऱ्याच डिस्कना रुंद, दोन भागांचे चपटे टोक असलेली यूएसबी केबल असते. ती जोडून टोक बोटाने किंचित हलवावे. डिस्कवरचा दिवा विझला किंवा विंडोजचा जोडणी तुटल्याचा आवाज आला, तर खाच सैल झाली आहे असे समजावे. अर्थात ही परीक्षा फाइल्स सुरक्षित झाल्यावरच करावी. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा अन्यत्र नवी केबल घेताना आखूड आणि ‘यूएसबी ३’साठीची आहे हे पाहून घ्यावे. यूएसबी २ पोर्टवर प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ पोर्टवर ९०० मिलिअँपिअर वीज मिळते, आणि डिस्क फिरू लागताना तिला नेहमीपेक्षा अधिक वीज लागते. त्यामुळे स्वतंत्र अडॅप्टर नसलेल्या हबवर (एका पोर्टची अनेक पोर्ट करणाऱ्या जोडावर) ही डिस्क लावू नये, ती लॅपटॉपच्या पोर्टवर थेट जोडावी.

संगणकातल्या घडामोडींची नोंद दाखवणाऱ्या विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘सिस्टिम’ नोंदी उघडून ‘डिस्क’ या स्रोताच्या नोंदी पाहाव्यात. तिथे १५७ क्रमांकाची नोंद दिसली तर डिस्कची जोडणी अचानक तुटली होती, आणि ७ क्रमांकाची दिसली तर डिस्कवर वाचता न येणारा भाग आढळला होता. पहिल्या प्रकारच्या नोंदी असतील तर बहुधा केबल किंवा वीजपुरवठा दोषी असतो. दुसऱ्या प्रकारच्या असतील तर दोष डिस्कच्याच अंगात आहे.

याची खातरजमा करण्यासाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळी पाहाव्यात. ०५ म्हणजे खराब ठरवून बदलले गेलेले सेक्टर (डिस्कवरचे माहिती साठवण्याचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाविना ताटकळत असलेले सेक्टर आणि सी६ म्हणजे वाचण्याची आशा सोडलेले सेक्टर. या प्रोग्रॅममधील कच्चे आकडे मुळात सोळाच्या पायावर लिहिलेले असतात, त्यामुळे तिथे १० दिसले तर ते १६ असतात. हे माहीत नसल्यामुळे चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. आकडा कागदावर लिहून ठेवावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावा. तो वाढत असेल तर ती डिस्क बॅकअपच्या कामातून कायमची बाजूला करावी, मग वरवर ती कितीही सुरळीत चालो. सी७ या ओळीमुळे मात्र पुष्कळांची दिशाभूल होते. ती डिस्क आणि डब्यातील सर्किट यांच्यामधल्या जोडणीच्या चुका मोजते, त्यामुळे बाहेरच्या यूएसबी केबलचा दोष तिच्यात दिसेलच असे नाही.

चेकडिस्क हा डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचा उपाय अनेक जण सर्वांत आधी सुचवतात. मला तो क्रम मान्य नाही. त्याचा ‘आर’ हा पर्याय सगळी डिस्क तासन्‌तास वाचत राहतो, आणि दुबळ्या डिस्कचे उरलेसुरले आयुष्य त्यातच खर्ची पडू शकते. डिस्कमधून टकटक असा ठरावीक आवाज येऊ लागला तर ती ताबडतोब बंद करावी, घरी उघडू नये, आणि त्या फाइल्स अमूल्य असतील तर डेटा रिकव्हरीचेच काम करणाऱ्यांकडे न्यावी.

नवी केबल लावल्यावर डिस्क सुरळीत चालली आणि वरचे आकडे स्थिर राहिले, तरी यापुढे ती एकटी पुरेशी समजू नये. दोन डिस्क आलटून पालटून वापराव्यात आणि त्यांतली एक पुण्याच्याच दुसऱ्या भागात राहणाऱ्या नातेवाइकांकडे ठेवावी. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले संसार कागदपत्रांसह वाहून गेले, हे जुन्या पुणेकरांना सांगण्याची गरज नाही. शिवाय अधूनमधून दोन-चार फाइल्स दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात, कारण कॉपी झाली म्हणजे फाइल शाबूत आहे असे होत नाही.

प्रश्न : मी नुकत्याच घेतलेल्या डिस्कवर मोठी कॉपी करताना सुरुवातीचा वेग चांगला असतो, पण काही वेळाने तो फार मंदावतो. डिस्क सदोष आहे का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : डिस्क दिसेनाशी होत नसेल, फाइल्स नीट उघडत असतील आणि वर सांगितलेले आकडे शून्य असतील, तर बहुधा दोष नाही. आजच्या अनेक पोर्टेबल डिस्कवर माहितीचे पट्टे घराच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवून लिहिलेले असतात. त्यामुळे कमी जागेत अधिक माहिती मावते, पण एक पट्टा बदलताना शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. हे काम तात्पुरत्या राखीव जागेत साठवून पुढे ढकलले जाते, आणि ती जागा भरली की वेग कोसळतो. अशी डिस्क बॅकअपला चालते. मोठी कॉपी संपल्यावर ती लगेच काढू नये, काही वेळ जोडलेलीच राहू द्यावी, म्हणजे मागे राहिलेले लेखन तिला पूर्ण करता येते.