स्टार्टर फिरतो, पण दोन महिने उभी असलेली 2001 ची पेट्रोल गाडी सुरू होत नाही. पेट्रोल चढत नसेल का?

असू शकतं, पण पंपाचा खर्च काढण्याआधी एक स्पार्क प्लग काढून बघा. स्टार्टर चार-पाच वेळा फिरवूनही प्लग कोरडाच असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, मग स्पार्ककडे वळा.

गाडी फ्यूल इंजेक्शनची (कार्बुरेटरची नाही) धरून सांगतो. चावी नुसती ऑन करा, स्टार्टर मारू नका. कुणाला तरी मागच्या सीटला कान लावायला सांगा. दोनेक सेकंद बारीक घूंऽऽ ऐकू यायला हवं. (हे पहाटे करा. इंदूरच्या पलासियाच्या ट्रॅफिकमध्ये काय ऐकू येणार!) आवाज नाही? मग आधी फ्यूज, मग रिले (पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच). हॉर्नचा रिले तसाच असेल तर अदलाबदल करून बघा, फुकटात निदान होतं. तरीही गप्प असेल तर पंपाच्या वायरच्या कनेक्टरवर 12 व्होल्ट येतात का ते तपासा. येत असतील तर बहुधा पंपच गेला.

आवाज येतो पण गाडी उठत नाही, तर फिल्टर चोंदलेला किंवा प्रेशर कमी. मेकॅनिककडून गेज लावून घ्या, साधारण 3 बार हवं. पाइप स्वतः उघडू नका, प्रेशरने पेट्रोल अंगावर उडतं.

आणि हो, पावसाळ्यात उभी होती ना? हल्लीच्या 20% इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जास्त पाणी शिरलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तेच आधी ओढतो. टाकीच्या तळाचं थोडं काचेच्या बाटलीत काढून ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करा.